तेरावा नग

सलोनी मॅडम अकराला येणार होत्या आणि पावणेअकरापर्यंत मी वर्कशॉपची फरशी तीनदा पुसून घेतली होती. चौथ्यांदा बादली मागितली तेव्हा सत्यवती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आमच्याकडे मापं घेण्याचं काम तिचं, आणि ऐकून घेण्याचं काम कुणाचंच नाही. म्हणाली, "ताई, आता फरशीच झिजतली. मगे तीच मापात बसूची नाय."

मला हसायला वेळ नव्हता. कुडाळच्या एमआयडीसीतलं हे वर्कशॉप बाबांनी उभं केलं आणि गेली सहा वर्षं मी चालवते. ट्रकच्या कमानपाट्यांना लागणारे ब्राँझचे बुश आम्ही करतो. बुश म्हणजे जाड भिंतीची बांगडीच. आत पिन फिरते, झीज बुश सोसतो, पिन शाबूत राहते. या बांगड्यांवर बावीस वर्षं आठ घरांच्या चुली पेटल्या. आणि ऐन गणपतीत पत्र आलं. आमचे बुश घेणारी ट्रकची कंपनी आता पाट्यांच्या जागी हवेच्या पिशव्या लावणार होती, मार्चनंतर बुश नकोत. मोदक घशाखाली उतरेना.

तेव्हापासून मी दिसेल त्या कंपनीला पत्रं लिहीत सुटले. नव्वद टक्के लोकांनी उत्तर दिलं नाही. बेळगावच्या एका कंपनीनं दिलं. ते हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांच्या विमानासाठी चाकाचे पाय, म्हणजे लँडिंग गिअर, बनवतात. त्या पायांच्या सांध्यात बुश लागतात आणि त्यांचा धातू आम्ही रोज कापतो त्याचाच सख्खा भाऊ. ट्रकच्या पाट्यात बसणारी वस्तू विमानाच्या पायात बसू शकते हे कळलं, त्या दिवशी मी ऑफिसचं दार लावून एकटीच नाचले. खरं सांगते, नाचले.

त्यांनी एक बार पाठवला, म्हणजे ब्राँझचा लांब दांडा, आणि एक ड्रॉइंग. त्या बारमधून बारा नमुने करा, आमची माणसं येऊन बघतील. पास झाले तर यादीत नाव, नापास झाले तर मार्च. एवढं सरळ होतं.

माझ्या वडिलांचं नाव बाबली तांडेल. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचं मासेमारी घराणं, पण बाबा जाळ्यापेक्षा इंजिनात रमले. आमच्या किनाऱ्यावर ट्रॉलरमध्ये इंजिनं बसतात ती ट्रकचीच. रस्त्यावरचं इंजिन दर्यात चालवायचं तर काय काय बदलावं लागतं, हे बाबांना पाठ. वय अडुसष्ट. बारा नमुने त्यांनी स्वतः लेथवर काढले, तीन आठवडे, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सत्यवतीनं प्रत्येकाचं माप घेतलं. प्रत्येकावर विमानाच्या भागाचा नंबर कोरला, पुढं एक ते बारा. बाराही नग निळ्या मखमलीवर मांडले तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

बेळगावच्या सलोनी मॅडम अकराच्या ठोक्याला आल्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, हातात काळी पेटी. चहा नको म्हणाल्या. कोकणात येऊन चहा न घेणारा माणूस काय करेल सांगता येत नाही.

त्यांनी बाराही नग मोजले. आतलं माप, बाहेरचं माप, उंची. तास गेला. मग मान वर करून म्हणाल्या, "मापं सगळी बरोबर आहेत. छान काम आहे."

सत्यवतीनं टेबलाखालून माझा हात दाबला. घास अगदी तोंडाशी आला होता. तेवढ्यात मॅडमनी पेटीतून भिंग काढलं आणि पहिला नग उजेडात धरला.

"हे काय आहे?"

कडेवर तांदळाच्या कणीएवढा पोचा होता. दुसऱ्या नगावर त्याच जागी तेवढाच, तिसऱ्यावरही. बाराही नगांवर.

"शक्य नाही," मी म्हणाले. "इथून तिथं नेतानाही आम्ही कापडात गुंडाळतो."

लेथजवळून बाबांचा आवाज आला, "ता माझा काम. काल सांजचा सगळे वाजयलंय."

"काय केलास?"

"सुतळेक बांधून टांगलंय आणि पान्यान हळूच एक टोलो दिलंय. दर्यात जावचो नग मी कधी आयकल्याशिवाय सोडूक नाय. ह्यो तर वर जावचो."

दांडीवरच्या सगळ्यांना ही पद्धत माहीत आहे. बाबली तांडेल बुश देताना आधी टांगून वाजवून दाखवणार, मालकानंही ऐकायचं, मगच बोटीत बसवायचा. नारळ वाजवल्याशिवाय कोण घेतो? पण इथं बोट नव्हती. विमानाच्या कामात तयार नगाला नखही लावायचं नसतं, हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. दोनदा.

माझा राग नाकावर असतो हे कबूल. पण त्या दिवशी तो छतावर गेला. "बाबा, तुमी माका बुडवलास!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "तीन आठवडे काम केलास आणि एका पान्यान बुडवलास! माका इचारूक काय झाला होता?"

बाबांनी हात पुसले. मग म्हणाले, "सांगूक इल्लंय गो योगिनी. सकाळी दोनदा इल्लंय. तू म्हणालंस, ओल्या फरशेर पाय देव नको, भायर रवा."

हे खरं होतं.

"काय सांगायचं होतं, काका?" सलोनी मॅडमनी विचारलं.

बाबांनी समोर मॅडम आहेत म्हणून शुद्ध मराठी काढली. "बारावा नग बरोबर नाही, मॅडम. तो बद्द वाजतो."

मॅडमनी आधी मापांच्या कागदाकडं पाहिलं, मग बाबांकडं. बारावा नग मापात इतरांइतकाच चोख होता. "दाखवा."

बाबांनी सुतळी आणली. चौथा नग टांगला, पान्याचा टोला दिला. देवळातल्या घंटेसारखा लांब, गोड आवाज निघाला. मग बारावा. टक्. बस्स, टक्. सत्यवतीसुद्धा दचकली.

मॅडमनी स्वतः पुन्हा दोन्ही वाजवून पाहिले. आता त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. "हा उभा कापा," त्या म्हणाल्या.

बाबांनी बारावा नग कापला. मॅडमनी कापलेली बाजू घासून भिंगाखाली धरली आणि मग भिंग माझ्या हातात दिलं. भिंतीच्या आत, वरून कुठूनही दिसणार नाही अशी, केसाएवढी फट होती.

"हा बारच्या टोकाचा तुकडा ना?" त्यांनी बाबांना विचारलं. "टोकाला अशी खोट राहते. बार देणाऱ्यानं ते टोक कापून टाकायला हवं होतं." आणि फोन घेऊन त्या अंगणात गेल्या. दारातून आम्हाला ऐकू येत होतं. याच धातूचे बार आणखी दोन वर्कशॉपना गेले होते. तिथले नग थांबवा, आत्ताच्या आत्ता, एकही पुढं जाऊ देऊ नका.

माझा राग कुठल्या कुठं पळाला. सुटलो! बाबांनी विमान वाचवलं, आता आम्हाला कोण नापास करणार? मॅडम आत आल्या आल्या मी म्हणाले, "म्हणजे उरलेले अकरा तरी पास?"

"नाही," त्या म्हणाल्या. "ठोकलेला भाग विमानात जात नाही. आणि ते अकरा असेच राहूही शकत नाहीत. माझ्यासमोर कापून टाका."

बाबा एकदम मालवणीवर आले. "कापूक? अकरा नग? बाय, बोटीत धा वर्सां चलतले हे!"

"काका, यांच्यावर विमानाचा नंबर कोरलाय. उद्या हा बोटीतून निघेल, भंगारात जाईल, कुणीतरी पुसून-घासून नवा म्हणून विकेल. नंबर बघून घेणारा घेईल. म्हणून कापायचे."

आमच्याकडं काही टाकत नाहीत. ट्रकचा नापास बुश बोटीत जातो, बोटीतला झिजलेला रहाटाला बसतो. माझ्या बापानं जन्मात चांगला नग मोडला नव्हता. त्यांनी एकेक नग पकडीत धरला आणि कापला. अकरा वेळा. मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी फरशीकडं बघत राहिले.

मॅडमनी तुकडे पिशवीत भरले, बारचा उरलेला शेवट मोजला, ड्रॉइंग पाहिलं आणि कागदावर काहीतरी मांडलं. मग शांतपणे म्हणाल्या, "या बारमधून तेरा निघालेत. तेरावा कुठाय?"

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा येतो.

सगळे बाबांकडं वळले. बाबांना यात काही चुकलंय असंच वाटत नव्हतं. "तो सेटिंगचो. पयलो नग मशीन लावूक काढतत, तो कागदार नसता. ट्रकाच्या कामात पण आमी तसोच काढतो."

"त्याच्यावर नंबर आहे?"

"कोरूचा मशीन बघूक होया मां. घातलंय."

"आणि तो आहे कुठं?"

"प्रितेशाच्या विंचीत."

प्रितेश माझा चुलत भाऊ. दांडीवर त्याचा ट्रॉलर आहे, आणि त्याच्या जाळी ओढायच्या विंचेचा बुश झिजला होता. काकांनी पुतण्याला नवा दिला. आत्ता आमच्या वर्कशॉपचं भवितव्य मालवणच्या पाण्यात बांगडे ओढायला निघालं होतं.

मॅडमनी पेटी बंद केली. "तेरावा नग आज माझ्या हातात आला नाही, तर मला लिहावं लागेल की इथून नग बाहेर जातात आणि पत्ता लागत नाही. तसं लिहिल्यावर तुम्हाला पुन्हा कुणी बार पाठवणार नाही. मीही नाही."

घड्याळात तीन वाजले होते. प्रितेश चारच्या भरतीला निघणार होता. मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तांडेलांच्या घरात इंजिन चालू असलं की यमाचाही फोन कुणी उचलत नाही.

"गाडीत बसा," मी म्हणाले.

मॅडम पुढं बसल्या, बाबा मागं, मांडीवर पाने आणि हाताची करवत. नेरूरपारचा पूल मी असा ओलांडला की खाली गळ टाकून मासे गरवणाऱ्यांनी वर बघितलं. धामापूरला एसटी आडवी आली. माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही. मॅडमनी वरची कडी धरली होती, पण मी चोरून पाहिलं, त्या हसू दाबत होत्या. मलाही आतून उकळ्या फुटत होत्या. भीती होती, पण सहा वर्षांत एवढं जिवंत मला कधी वाटलं नव्हतं.

चौक्याच्या वळणावर मागून आवाज आला, "बाय, एक इचारू?"

"बाबा, आता गप रवा," मी म्हणाले.

"विचारा काका."

"नग कापूच्या आधीच वाजवलो तर? अख्खो बारच टांगून. पोचो पडलो तरी लेथार निघान जातलो. आवाज मात्र आधीच कळतलो."

कुंभारमाठला मॅडमनी वही काढून काहीतरी टिपलं. गाडी इतकी उडत होती की ते अक्षर त्यांना तरी पुढं वाचता आलं असेल का, शंका आहे.

दांडीवर पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. ट्रॉलर पाण्यात, इंजिन धडधडतंय, नांगर वर येतोय. मी किंचाळले, वाऱ्यानं ते तारकर्लीकडं नेलं. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट पाण्यात शिरले, पाना डोक्यावर हलवत, "प्रितेशा! ए मेल्या, बंद कर! बंद कर इंजिन!"

किनाऱ्याला एक छोटी होडी होती. मॅडमनी बूट काढून हातात घेतले. "मला नग निघताना बघावा लागेल," त्या म्हणाल्या आणि लाटेत शिरल्या. पांढरी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. होडीत आम्ही तिघं कसे चढलो, वल्ही कुणी मारली, मला आठवत नाही. इंजिन बंद झाल्याची शांतता मात्र आठवते.

"काका, तुमका याड लागला काय?" प्रितेश वरून ओरडला. "भायर बांगडो लागलोहा! सगळ्यांचे बोटी गेले, मीच रवलंय!"

"विंच उघड."

"आता?"

"पयली विंच उघड, मगे गाळी घाल."

प्रितेश शिव्या घालतच कामाला लागला, पण लागला. जुना बुश त्यानं डब्यात जपून ठेवला होता. आमच्यात कोण टाकतो? पंधरा मिनिटांत तेरावा नग ग्रीसमध्ये माखून बाबांच्या तळहातावर आला. मॅडमनी तो ओढणीला पुसला. हो, ओढणीलाच. बोट डावी-उजवी झुलत होती, एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातातल्या भिंगानं त्यांनी नंबर वाचला. "हाच," त्या म्हणाल्या. त्यांचाही श्वास चढला होता.

मला वाटलं, आता त्या कापायला सांगतील आणि बाबा पुन्हा गयावया करतील. पण बाबांनीच विचारलं, "बाय, त्या इमानात बसता कोण?"

"शिकणारी मुलं असतात, काका. वीस-एकवीस वर्षांची. पहिल्यांदा उतरवताना आपटतात फार. तो मार या बुशावर येतो."

बाबांनी नग परत हातात घेतला. "ट्रकात मोडलो तर गाडी रस्त्याच्या बाजूक लावतत," ते म्हणाले. "बोटीत मोडलो तर नांगर टाकतत. तीं पोरां वर खंय थांबतली?"

त्यांनी नग बोटीच्या कडेला गुडघ्याखाली दाबून धरला आणि करवत चालवली. कुणी सांगितलं नव्हतं. दोन तुकडे झाले तेव्हा त्यांनी ते मॅडमच्या ओंजळीत ठेवले. मी बापाकडं बघत होते आणि मला माझीच लाज वाटत होती. सकाळी याच माणसाला मी ओल्या फरशीवरून हाकललं होतं.

"बाबा, चुकलंय," मी म्हणाले.

"फरशी पुसूक होई होती," बाबा म्हणाले. "तेतूर काय चुकला?"

किनाऱ्यावर येऊन मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं, नमुने नापास. त्याखाली आणखी अर्धं पान लिहिलं, ते मला दाखवलं नाही. मग मात्र त्यांनी चहा मागितला. तिथल्या शेवंतीच्या टपरीवर दोन कप प्यायल्या आणि बेळगावला गेल्या.

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. नापास हा शब्द छातीवर बसून होता. सत्यवतीनं तर गोव्यात नोकरीसाठी विचारणा सुरू केली, आणि मी तिला अडवलंही नाही.

दहाव्या दिवशी दुपारी दारात टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं तीन बार उतरवले. मी म्हणाले, चुकलं काहीतरी, आम्हाला एकसुद्धा यायचा नाही. त्यानं पाकीट पुढं केलं.

आत कामाची पद्धत लिहिलेला कागद होता. मी उभ्या उभ्या वाचला, मग खाली बसून वाचला. तीनपैकी एक बार आमचा, नव्यानं नमुने करायला. बाकीचे त्या दुसऱ्या दोन वर्कशॉपचे. ते आमच्याकडं का आले, ते पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. यंत्रावरची तपासणी होईलच, पण त्याआधी प्रत्येक बार टांगून वाजवून बघायचा, त्याशिवाय कुठल्याही वर्कशॉपनं कापायला घ्यायचा नाही. पुढच्या रकान्यात, हे काम करणाऱ्या माणसाचं नाव. ते आधीच छापलेलं होतं.

मी बाबांना हाक मारली आणि मोठ्यानं वाचलं. "बाबली तांडेल, कुडाळ."

"परत वाच."

मी परत वाचलं. एवढ्या वर्षांत या माणसानं किती ट्रकांत, किती बोटींत आपलं काम घातलं असेल, देव जाणे. एकाही कागदावर त्याचं नाव कधी आलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा वाचायला गेले आणि मला रडू फुटलं. सत्यवतीनं माझ्या हातातून कागद काढून घेतला, भिजेल म्हणून.

बाबांनी चष्मा लावून ते नाव स्वतः वाचलं, बोट ठेवून. मग चष्मा खिशात घातला आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "मशिनी बंद करा. सगळे. काँप्रेसर पण."

आठही माणसं जागच्या जागी थांबली. पंखासुद्धा बंद केला. पहिला बार दोरीनं टांगून बाबांनी पाना उचलला, आमच्याकडं एकदा दटावून पाहिलं आणि टोला दिला.

आवाज निघाला आणि निघतच राहिला. पत्र्याला लागला, दारातून बाहेर गेला, बाहेर टेम्पोवाला वळून बघायला लागला. बाबा डोळे मिटून, एक बोट वर करून उभे होते. कुणी श्वास घेत नव्हतं. अगदी शेवटचा धागा संपेपर्यंत त्यांनी ते बोट खाली घेतलं नाही.

"बरो आसा," ते म्हणाले. "योगिनी, पेन हाड. सय खंय करूची ता दाखय."